ठरावाआधी ओसरी

वाचकाचं पत्र :

'ताई, माझं वय ३३. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका लहान गावात सून म्हणून आले आणि दोन वर्षांपूर्वी महिला राखीव जागेवर ग्रामपंचायतीत निवडून आले. दोन महिन्यांपूर्वी माझे सासरे गेले. मयत उचलायच्या आधी थोरल्या आईंनी, म्हणजे माझ्या चुलत सासूबाईंनी, सासूबाईंना भिंतीशी बसवलं आणि मनगटं एकमेकांवर आपटून बांगड्या फोडल्या. काच लागून रक्त आलं. जोडवी निघेनात म्हणून बोटांना साबण लावला. थोरल्या आई स्वतः वीस वर्षं विधवा आहेत. मी मुलाला कडेवर घेऊन दारात उभी होते. एक शब्द बोलले नाही.

तेव्हापासून मला झोप नाही. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विधवा प्रथा बंदीचा ठराव मांडायचं ठरवलंय. सरपंच म्हणाले, मांडा, गावाचं नाव होईल, पेपरात फोटो येईल. थोरल्या आई म्हणाल्या, "पंचायतीत बसलीस म्हणून देवापेक्षा मोठी झालीस का?" मिस्टरांचा पाठिंबा आहे, पण आधी आईला विचार म्हणतात. विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "माझं नाव त्यात घेऊ नको. मला तमाशा नको." त्या आमच्या बचत गटाच्या अध्यक्ष आहेत, पण सासरे गेल्यापासून त्यांनी उंबरा ओलांडलेला नाही. त्या दिवशी गप्प बसलेल्या मला आता बोलायचा हक्क आहे का? आणि ज्यांच्यासाठी करायचं त्यांनाच नको असेल तर?'

उत्तर :

वयाने मी तुझ्या सासूबाईंच्या बरोबरीची, म्हणून एकेरीतच लिहिते.

आधी त्या दिवसाचं. मयताच्या घरात त्या तासाभरात कोणीच स्वतःच्या डोक्याने चालत नाही. बांबू आणायला कोण गेलं, लेकीला फोन झाला का, ती पोचेपर्यंत थांबायचं का, मडकं आणलं का, या गडबडीत सगळ्यांचे हात सवयीने चालतात. तू कडेवर पोर घेऊन दारात उभी होतीस आणि बोलली नाहीस. त्या जागी मी असते तर मीही बोलले नसते, आणि मी तर आयुष्यभर बायकांच्या सभांतून बोलत आले आहे. एकटीने, न ठरवता, त्या क्षणी बोलणं जवळजवळ अशक्य असतं. ते आधी ठरवून ठेवावं लागतं, आणि चारचौघींनी मिळून ठरवावं लागतं. या पत्राचा बराचसा भाग त्याबद्दलच आहे. बोलायचा हक्क तुला आहेच. ज्या पोरीला दोन महिने झोप नाही तिने नाही बोलायचं तर कोणी बोलायचं?

पण एक गोष्ट कडू लागली तरी सांगते. त्या दिवशीच्या गप्प बसण्याचं प्रायश्चित्त म्हणून ठराव मांडू नकोस. सासूबाईंचं दुःख दोन महिन्यांचं आहे, अजून वर्षश्राद्धही झालेलं नाही. रात्री कूस बदलताना त्यांचा हात अजून शेजारच्या रिकाम्या जागेवर पडत असेल. अशा बाईच्या मनगटावरून ग्रामसभेत हात वर करायचे की नाही, ही चर्चा माइकवर होणार. त्यांना तमाशा वाटला तो याचाच.

माझ्याकडून हेच झालं होतं, म्हणून इतक्या खात्रीने लिहिते. माझी आत्या लग्नानंतर तीन वर्षांत विधवा होऊन आमच्याकडे आली, ती कायमची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शे-दीडशे बायका यायच्या. तिळाच्या वड्या आत्या करायची, वाणाची ताटं आत्या लावायची, आणि बायका यायला लागल्या की मागच्या पडवीत जाऊन बसायची. मी कॉलेजात शिकून आले होते, चार पुस्तकं वाचली होती. त्या वर्षी मी तिला हाताला धरून माजघरात ओढत आणलं आणि सगळ्यांच्या देखत कुंकू लावलं. दोन-तीन तरुण बायकांनी टाळ्याही वाजवल्या. आत्याने पदराच्या टोकाने कुंकू पुसलं, जागची उठली आणि पडवीत गेली. नंतर कित्येक दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

खूप उशिरा, एकदा शेंगा फोडत बसलो असताना, ती आपणहून म्हणाली, 'मला कुंकू नको होतं गं. तुझा बाप रोज सकाळी कामाला निघायचा तेव्हा मी कुठं असायचे, बघितलंस कधी?' मी नव्हतं बघितलं. ती दाराआड असायची. घरातला पुरुष बाहेर पडताना आपण समोर येऊ नये, त्याला परत फिरून पाणी पिऊन जावं लागू नये, म्हणून बावीस वर्षं रोज सकाळी ती दाराआड उभी राहायची. तिला हवं होतं ते एवढंच, की सकाळी अंगणातून मोकळेपणी फिरता यावं. ते देणं माझ्या वडिलांच्या हातात होतं. त्याला सभा लागत नव्हती, टाळ्याही नकोत. 'आक्का, येतो गं,' असं तिच्याकडे बघून म्हणायचं आणि निघायचं. हे मी वडिलांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. दुसऱ्या दिवसापासून तसं म्हणायला लागले. पुढे आत्या सकाळी तुळशीपाशी दिसायला लागली.

म्हणून तुझ्या सासूबाईंचे शब्द नीट ऐक. 'माझं नाव त्यात घेऊ नको' असं त्या म्हणाल्या. 'हे करू नको' असं त्या म्हणालेल्या नाहीत. या दोन वाक्यांत मोठं अंतर आहे. त्यांचं नाव, त्यांचा प्रसंग, त्यांच्या मनगटाची जखम तुझ्या भाषणात येणार नाही, असा शब्द त्यांना आजच दे आणि तो पाळ. पेपरवाला आला आणि 'तुम्हाला प्रेरणा कुठून मिळाली' म्हणाला, तरी पाळ. सरपंचांना फोटो हवा असेल तर ग्रामसभेचा घ्या म्हणावं, तुमच्या घराचा उंबरा त्यात नको. सरपंचांचा राग करू नकोस, त्यांचं मत तुला लागणार आहे, श्रेय त्यांना पोटभर घेऊ दे.

आता सासूबाईंना काय हवं असेल ते बघू. ते मला इथून कळणार नाही, पण तुझ्या पत्रात एक वाक्य आहे त्यावर मी अडले. त्या गटाच्या अध्यक्ष आहेत आणि दोन महिने घराबाहेर पडलेल्या नाहीत. बचत गटाचं खातं एकीच्या सहीवर चालत नाही. अध्यक्ष आणि सचिव मिळून सह्या करतात, बहुतेक गटांत तसंच असतं. म्हणजे दोन महिने तुमच्या गटाचं काहीतरी अडलेलं असणार. कोणाला शाळेच्या फीसाठी कर्ज हवं असेल, कोणाचा हप्ता भरायचा असेल. बायका काय करत असतील? 'त्यांच्या घरी आत्ता कसं जायचं' म्हणून गप्प असतील, किंवा नवीन अध्यक्ष नेमायची कुजबुज सुरू झाली असेल. दुसरं झालं तर बांगड्यांपेक्षा मोठं काहीतरी त्यांच्या हातून काढून घेतलं जाईल, आणि कोणाला त्याचा आवाजही येणार नाही.

गटात दहा-वीस बायका असतात, आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकत्र बसतात, आणि एकमेकींच्या घरातलं सगळं त्यांना माहीत असतं. गावात बाईच्या मागे उभं राहायला याहून तयार माणसं तुला मिळणार नाहीत. तेव्हा पुढची बैठक तुमच्याच ओसरीवर ठेवायला सांग. सासूबाईंना बैठकीला नेऊ नकोस, बैठक त्यांच्याकडे आण. सचिव बाईंशी आधी बोल, गटांना मदत करणारी सीआरपी ताई गावात असेल तर तिच्याशीही. आलेल्या बायकांनी सांत्वनाचं बोलायचं नाही, ते दोन महिने बोलून झालंय. रजिस्टर उघडायचं, हजेरी घ्यायची, बचत जमा करायची, अडलेलं कर्ज पुढे ठेवायचं आणि म्हणायचं, अक्का, सही पाहिजे. दुःखातल्या माणसाला बऱ्याचदा कामच हाताला धरून उठवतं. 'तुमच्यावाचून अडलंय' हे वाक्य 'रडू नका'पेक्षा किती तरी दयाळू असतं.

दुसरं, कागदाचं. यात तू ग्रामपंचायत सदस्य म्हणून कामाला येशील, सून म्हणून नंतर. शेतीची वारस नोंद केली का? मालकी हक्क आल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवावं असा नियम आहे, तुमच्या हातात अजून महिना आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे, मुलगे-मुलींच्या बरोबरीने. सातबाऱ्यावर त्यांचं नाव लागलंच पाहिजे, आणि पंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, नमुना ८ ला, घरावरही. दुःखाच्या दिवसांत हक्कसोडपत्र पुढे येतं आणि 'घरातलंच आहे, कुठं जातंय' म्हणत अंगठा घेतला जातो. तुझे मिस्टर तसे नसतील. पण चुलत घर, दीर, नणंदा यांच्यात काय शिजतंय ते बघ आणि सासूबाईंना सांग, की न वाचता कशावर सही करायची नाही. गावात दुसऱ्या कोणी विधवा असतील आणि त्यांना आधार नसेल, तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला गेलाय का, तेही बघ. कुंकवाची चर्चा करणारे खूप जण भेटतील. फेरफार झाला का, म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढलं का, हे विचारणारी बाई गावात एखादीच असते. ती तू हो.

आता थोरल्या आई. तुझ्या पत्रात त्या खलनायिका झाल्या आहेत, आणि मला त्यांच्याचबद्दल सगळ्यात जास्त लिहायचंय.

१८९० साली मुंबईत एक गोष्ट घडली. तेव्हा काही जातींत विधवांचं केशवपन व्हायचं. सुधारक त्याविरुद्ध लिहीत होते, बोलत होते, वाद चालू होते. सत्यशोधक समाजाचे, गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी वेगळंच केलं. त्यांच्या पुढाकाराने न्हावी समाजाची सभा झाली आणि तिथे ठरलं, की विधवेच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही. प्रथा शास्त्रातून येते की रूढीतून, हा वाद त्यांनी घातला नाही. ती ज्यांच्या हातून घडते त्यांच्यापाशी ते गेले. आणि त्या हातांनाही ते काम नकोसं होतं, फक्त आजवर कोणी विचारलं नव्हतं.

बांगड्या कोणाच्या हातून फुटतात? आपल्याकडे सवाष्ण त्याला हात लावत नाही, अपशकुन म्हणून. ते काम दुसऱ्या विधवेला करावं लागतं. तुझ्या थोरल्या आईंनी वीस वर्षांत भावकीतल्या किती जणींच्या बांगड्या फोडल्या असतील, ते मोज. लग्नात, बारशात, ओटी भरायला त्यांना कोणी बोलावत नाही. त्यांना आवर्जून बोलावलं जातं ते याच एका कामाला. तिथे तेवढी घटका त्या जाणत्या, मोठ्या असतात. तू ठराव मांडतेस तेव्हा त्यांना वाटतं, एवढाही मान काढून घेते आहे. 'देवापेक्षा मोठी झालीस का' या वाक्याखाली ते दुखणं आहे, असं मला वाटतं. माझा अंदाज चुकीचाही असेल, पण तो तपासून बघायला तुला फक्त एक दुपार लागेल.

त्यांच्याकडे जा. पदाधिकारी म्हणून जाऊ नकोस. भाजी निवडायला बस. ठरावाचं नाव काढू नकोस. एवढंच विचार, 'थोरल्या आई, तुमच्या वेळी कोणी केलं होतं?' आणि मग गप्प बस. त्या सांगतील. कोणाच्या हाताने, कुठल्या भिंतीशी, त्या बांगड्या कुठल्या जत्रेत भरल्या होत्या, हेही सांगतील. बायका असलं काही विसरत नाहीत. कदाचित त्या रडतील, कदाचित 'असंच असतं, आपल्यावर आलं तसं दुसरीवर यायचंच' म्हणून तुला उठवून लावतील. उठवलं तर पुन्हा जा. या बाईने एकदा म्हटलं, की 'मी इथून पुढं कोणाच्या बांगड्या फोडणार नाही', तर तुझ्या गावातलं अर्धं काम ग्रामसभेशिवाय झालं. आणि त्यांचा मान? तो दुसऱ्या ठिकाणी द्यायचा. तुमच्या पोराच्या जावळाला, पुढच्या बारशाला, पहिली ओटी त्यांच्या हातून भर. मिस्टरांना सांग, गाडी घेतली तर नारळ थोरल्या आई फोडतील. ठरवून, न गाजावाजा करता.

ठराव मांडूच नको असं मी म्हणत नाही. ठरावाने काय होतं ते आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलंय. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. राजर्षी शाहू महाराजांचं ते स्मृतिशताब्दी वर्ष होतं, ६ मेला शंभर वर्षं पूर्ण होत होती. सुरगोंडा पाटील तेव्हा सरपंच होते. तेरा दिवसांत, १७ मेला, राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा असं सांगितलं. एका गावाच्या कागदाने एवढं हललं. पण त्या ठरावाच्या मागची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी करोनाच्या काळात आपल्या एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीत त्याच्या बायकोवर हे सगळं होताना पाहिलं. त्यांनी स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र केलं, की माझ्या मागे माझ्या पत्नीवर यातलं काही लादू नये. आधी स्वतःच्या घराचं लिहून दिलं, मग गावोगावच्या पंचायतींना ठराव करा म्हणून साकडं घातलं.

तुझ्या मिस्टरांचा पाठिंबा आहे ना? मग हे त्यांनी करावं. बायकोने ठराव मांडायचा आणि नवऱ्याने 'माझी हरकत नाही' म्हणायचं, याला मी पाठिंबा म्हणत नाही. त्यांनी स्वतःच्या सहीने लिहून द्यावं, आपल्या दोन मित्रांना द्यायला लावावं आणि तो कागद ग्रामसभेत त्यांनीच वाचावा. थोरल्या आईंना 'देवापेक्षा मोठा झालास का' असं त्यांना म्हणता येणार नाही, कारण तो माणूस स्वतःच्याच मरणाबद्दल बोलत असेल. या विषयात पुरुष फार स्वस्तात सुटतात, आणि आपण सुटू देतो.

ठराव झालेल्या गावांतही अनेक घरांत जुनंच चालतं, हेही तुला माहीत असू दे. या प्रथेबद्दल शिक्षेची तरतूद असलेला कायदा आपल्याकडे नाही. ठरावाला वजन आहे ते गावाच्या शब्दाचं. तो शब्द त्या तासाभरात कोण बोलणार, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून ठरावाच्याही आधी पाच बायका ठरव. गटातल्या दोघी, आशाताई, अंगणवाडीच्या बाई, आणि देव पावला तर थोरल्या आई. गावात मयत झालं, की या पाच जणींनी पहिल्या तासाच्या आत त्या घरी पोचायचं. एकीने त्या बाईच्या डाव्या बाजूला बसायचं, एकीने उजव्या. हात हातात घेऊन ठेवायचे. एकीने घरातल्या कर्त्या पुरुषाला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारायचं, 'आईंचं काही करायचं नाही ना? आम्ही आहोत बसायला.' भाषण नाही, घोषणा नाही, मोबाईल नाही. त्या बाईने स्वतःच बांगड्या उतरवल्या, तर उतरवू द्यायच्या. तिला नको असताना कोणी हात धरला, तर तो हात सोडवायचा. दहापैकी सहा घरांत एवढ्यानेच निभावेल असं माझं मन सांगतं, कारण बहुतेक घरांना मनातून हे नकोच असतं. 'लोक काय म्हणतील' एवढंच आड येतं, आणि पाच बायका येऊन बसल्या की लोक म्हणजे त्याच होतात.

गावात पुढचं मयत केव्हा होईल ते सांगता येत नाही. ते ठरावाची वाट बघणार नाही. म्हणून पाच जणींचं काम या आठवड्यात कर आणि ठराव १५ ऑगस्टला नको, २ ऑक्टोबरला मांड. माझं मत विचारशील तर तेव्हाही घाई वाटली तर २६ जानेवारी. आमच्या भागातली चांगली कामं घाईने बिघडलेली मी बघितली आहेत, थांबल्याने बिघडलेलं मला चटकन आठवत नाही.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, ती तुमच्याकडे फक्त रजिस्टरवर सह्या घेऊन होत असेल तर यंदा खरी घ्या. तिथे मसुदा वाच. आणि मसुद्यात 'बंदी' या शब्दावर फार जोर देऊ नकोस. तुझ्या सासूबाईंना उद्या कुंकू लावायचं नसेल, पांढरं नेसायचं असेल, तर तोही त्यांचा हक्क आहे. इतकी वर्षं लोकांनी सांगितलं काढ, आता आपण सांगायचं घाल, यात बाईचं काय राहिलं? 'कोणाही स्त्रीवर तिच्या इच्छेविरुद्ध सक्ती करू नये, आणि हळदीकुंकू, लग्न, ओटी, गावची पूजा यांत तिला डावलू नये', असं साध्या मराठीत लिही. ठराव एका बाईने मांडावा, दुसरीने अनुमोदन द्यावं. त्या दोघींत तुझं नाव नसलं तरी चालेल. तू सदस्य आहेस, तू सभागृह भरेल एवढं बघ.

भावकीने वाळीत टाकायची भाषा केलीच, तर तिला मात्र कायदा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा महाराष्ट्राचा कायदा २०१७ पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो खिशात असू दे. थोरल्या आईंसमोर त्याचं नावही काढू नकोस.

सासूबाईंच्या बाबतीत किती थांबायचं, हे तू विचारलं नाहीस, पण ते तुझ्या मनात असणार. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत पार्वतीबाई आठवले होत्या, त्यांच्या पत्नीच्या सख्ख्या बहीण. कर्व्यांनी १८९३ साली एका विधवेशी, म्हणजे गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला होता, इतका तो काळ कठीण. पार्वतीबाई त्याच घरच्या, विधवांच्या शिक्षणासाठी गावोगाव फिरून निधी गोळा करणाऱ्या, आणि तरी कित्येक वर्षं त्यांचं स्वतःचं केशवपन चालूच होतं. पुढे स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळी त्यांनी ते सोडलं. मेहुण्याने सक्ती केली नाही, बहिणीने केली नाही. त्यांचं काम त्यामुळे कुठे उणं ठरलं नाही.

आणि कोल्हापूरचंच आणखी एक. १९१८ मध्ये शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव गेले. सून इंदुमती तेव्हा अगदी लहान होत्या, आजच्या हिशोबाने शाळकरी पोर. महाराजांनी सोनतळीला त्यांच्या शिक्षणाची सोय केली, वाड्यातल्या लोकांना ते रुचलं नव्हतं. पण त्यांनी मुलीला एकटीला पुस्तकं देऊन बसवलं नाही, वेगवेगळ्या जातींतल्या मुली तिच्या सोबतीला आणल्या. राजाच्या सुनेलाही सोबत लागते, हे त्या माणसाला कळत होतं.

तुलाही लागेल. दोन महिने झोप नाही म्हणतेस, त्याची मला काळजी वाटते. पोर लहान, घरात दुःख, पंचायतीच्या बैठका, आणि वर हे सगळं तू एकटीच्या डोक्यावर घेतलंयस. सासऱ्यांसाठी तू रडलीस का गं? पत्रात त्यांच्याबद्दल एकच वाक्य आहे. एखाद्या रात्री मिस्टरांशी ठरावाचं सोडून फक्त त्यांच्याबद्दल बोल. झोप अशीच गेलेली राहिली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना सांग, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि एखादं काम आशाताईंवर टाकून एक दिवस माहेरी जाऊन ये.

तुमच्या गटाची बैठक कुठल्या वारी असते ते तू लिहिलं नाहीस. जो वार असेल त्या दिवशी सकाळीच ओसरी सारवून घे, सतरंजी टाक. रजिस्टर आणि शाईचं पेन सासूबाईंच्या हाताशी राहील असं ठेव, त्यांचा चष्माही. थोरल्या आईंना निरोप दे, की बायका येणार आहेत, चहाला या. त्या आल्या तर त्यांना सासूबाईंच्या शेजारी बसव. चहा तू कर, आणि सही होईपर्यंत आतच थांब.